कडकताईंचं इंग्रजी घड्याळ

हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती आणि लाँड्रीत कडकताई होत्या. एकोणीस वर्षांत वर तीन मॅनेजर बदलले, लिफ्ट बदलली, पडदे तर किती वेळा बदलले कुणास ठाऊक. पण खाली इस्त्रीच्या लांब टेबलाशी ताई होत्या तिथेच होत्या. 'कडक' हे नाव कशावरून पडलं याबद्दल दोन मतं होती. काही म्हणत, त्यांच्या हातच्या कॉलरवरून. काही म्हणत, जिभेवरून. ताईंना दोन्ही मान्य होती.

शर्टाला त्यांना साडेतीन मिनिटं लागत. आधी कॉलर, मग खांदे, कफ, बाह्या आणि शेवटी अंग. इस्त्री किती तापली ते त्या गालाजवळ नेऊन सांगत, आणि आजवर त्यांच्या हातून एक कपडा जळला नव्हता. "जळायला कपडा मूर्ख नसतो, माणूस असतो," असं त्या नव्या मुलींना सांगत.

तर लाँड्रीचे जुने प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. दावेदार दोन. एक ताई, दुसरा डाग काढणारा, ज्याला सगळे डागोबा म्हणत. तो ताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. कापडाचा नुसता वास घेऊन डाग कॉफीचा की शाईचा ते सांगायचा. स्वभावाने गोड, फक्त घाई फार. वाक्य अर्धं ऐकायचं आणि मान पूर्ण हलवायची, अशी त्याची रीत.

मॅनेजरसाहेब खाली आले, दोघांना समोर उभं केलं आणि म्हणाले, "काम तुमचं दोघांचंही चोख आहे. तीन महिने बघू. पण एक लक्षात ठेवा, प्रमुखाला फोन घ्यावा लागेल. पाहुणे देशोदेशीचे असतात. इंग्रजीत बोलावं लागेल."

फोन दाराजवळच्या भिंतीवर होता. इतकी वर्षं तो जुने प्रमुख घेत. डागोबाचं शाळेतलं इंग्रजी बरं होतं. "येस सर, शुअर सर" तो अशा झोकात म्हणायचा की पलीकडचा माणूसही खूश होत असेल. ताईंची शाळा चौथीत सुटली होती. त्यांना इंग्रजी आकडे येत, 'गुड मॉर्निंग' येई, कपड्यांची नावं येत, बस्स. पण त्या काही फोनला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या.

पंधराच दिवसांत एका दुपारी डागोबा जेवायला गेला असताना फोन वाजला. ताईंनी हात पुसले आणि उचलला. पलीकडे एक पुरुष होता, आवाज मऊ, बोलणं भराभर. त्याने खोलीचा नंबर सांगितला, तो ताईंनी लिहिला. 'कोट' म्हणाला, तेही कळलं. शेवटी म्हणाला, "टेन टू सिक्स, प्लीज."

टेन म्हणजे दहा, सिक्स म्हणजे सहा. मधला तो 'टू' ताईंनी सोडून दिला, बोलता बोलता माणूस खाकरतो ते आपण सोडून देतो तसा. चिठ्ठीवर त्यांनी ठसठशीत लिहिलं: सहा वाजून दहा.

कोट खाली आला. काळा, मागे लांब शेपटं असलेला, रेशमी कॉलरचा. पाहुणा व्हायोलिन वाजवणारा होता आणि संध्याकाळी त्याचा मोठा कार्यक्रम होता, हे कोट आणणाऱ्या वेटरने सांगितलं. मग तर ताईंनी जीव ओतला. रेशमावर ओलं फडकं टाकून हलक्या हाताने वाफ दिली, शेपटं सरळ केली, दोन सैल बटणं न सांगता पक्की केली. साडेपाचला कोट तयार होता. ताईंनी तो खुंटीवर लावला, लांबून पाहिला आणि मुलींना म्हणाल्या, "हा बघा. याला कोट म्हणायचं."

सहा वाजून पाच मिनिटांनी त्या स्वतः वर गेल्या. पाच मिनिटं आधीच, ऐटीत. दार ठोठावलं. परत ठोठावलं. शेवटी बाजूच्या खोलीत चादरी बदलणारी बाई बाहेर आली आणि म्हणाली, "ते गेले की मघाशीच! सहाला गाडी होती त्यांची. कोट, कोट करत येरझाऱ्या घालत होते बिचारे."

कोट हातात धरून ताई त्या लांब कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिल्या. पस्तीस मिनिटं तो तयार होऊन खुंटीवर लटकत होता, आणि ज्याचा होता तो प्रवासाच्या चुरगळलेल्या कोटात हजार माणसांपुढे उभा राहायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलंच. मॅनेजरसाहेब ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, कोट उत्तम झाला होता. पण माणूस कोटाशिवाय गेला. टेन टू सिक्स म्हणजे सहाला दहा मिनिटं कमी. पाच पन्नास."

"म्हणजे त्या 'टू'त सगळी गोम होती तर," ताई म्हणाल्या.

"हो. टू म्हणजे अजून वाजायचे आहेत."

"चूक माझी. कान माझे होते, चिठ्ठी माझी होती. त्या पाहुण्यांना मी स्वतः सांगते."

"ते सकाळीच गेले," साहेब म्हणाले. "आता असं करू, फोन डागोबालाच घेऊ दे. तुमच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही."

"साहेब, तीन महिन्यांतले अडीच अजून शिल्लक आहेत ना?"

"आहेत."

"मग अडीच महिन्यांनी बोलू," असं म्हणून ताई खाली आल्या आणि इस्त्री गालाजवळ नेऊन पाहिली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते शहरबस चालवत. त्यांचं अवघं आयुष्य वेळापत्रकात गेलेलं, त्यामुळे त्यांना वेळ म्हणजे आकडेच दिसत. ते म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? सेव्हन ट्वेंटी, सेव्हन फॉर्टी, असं म्हणायचं. तुला आकडे येतात. झालं की."

"म्हणायला मला येतंय हो," ताई म्हणाल्या. "पण म्हणणारी मी नाही. म्हणणारे ते आहेत. बोलणं आपल्या हातात असतं, ऐकणं दुसऱ्याच्या तोंडात असतं."

पुढचा आठवडाभर त्यांनी एक केलं. डागोबा फोनवर बोलायला लागला की इस्त्री न थांबवता कान तिकडे द्यायचा, आणि फोन ठेवला की विचारायचं, "काय म्हणत होते?" डागोबा मोकळेपणाने सांगायचा. आठवड्याअखेर ताईंच्या लक्षात आलं की पाहुणे लाँड्रीशी हवापाण्याच्या गप्पा मारायला फोन करत नाहीत. एखादा विचारतो, डाग निघेल का. बाकी सगळ्यांना एकच पाहिजे असतं: केव्हा. केव्हा न्याल, केव्हा द्याल, मला अमुक वाजता हवं. म्हणजे आख्खं इंग्रजी शिकायची गरजच नव्हती. घड्याळाएवढं आलं की काम भागणार होतं. चादर केवढी हे कळलं की माणसाला घडी कशी घालायची ते कळतं. ताईंना आता चादर कळली होती.

राहिला शिकवणारा. तो त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर होता, म्हणजे होती. एक्याऐंशी वर्षांची ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तीस वर्षं काढली होती. त्यातली कितीतरी वर्षं वेळ सांगायच्या टेबलावर. त्या काळी लोक फोन करून विचारत, किती वाजले, आणि ही बाई दोन भाषांत सांगे. शहरातल्या निम्म्या लोकांनी आपली घड्याळं तिच्या आवाजावर लावली होती, असं ती म्हणे, आणि ते खोटं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आता तिची नजर अधू झाली होती. भिंतीवरचं घड्याळ तिला नुसतं पांढरं वर्तुळ दिसे. याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता.

ताई दारात उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "बाई, मला इंग्रजीत घड्याळ शिकायचंय. दोन महिन्यांत."

"वय काय तुझं?"

"अठ्ठेचाळीस."

"उशीर केलास. फी परवडेल का?"

"काय घ्याल?"

"माझ्या उशांच्या अभ्र्यांना इस्त्री. तीस वर्षं सुरकुत्यांवर झोपतेय. सकाळी उठले की गालावर नकाशा असतो."

त्याच संध्याकाळी पहिला धडा झाला. ऑपरेटरबाईने टेबलावर एक जेवणाची ताटली पालथी घातली, वर दोन काड्या ठेवल्या, एक लहान एक मोठी, आणि बोटाने चाचपत म्हणाली, "हे बघ. मोठा काटा बारावरून खाली उतरतो, सहापर्यंत. उतरतोय तोवर 'पास्ट'. म्हणजे वाजून गेले. सहाला टेकून वर चढायला लागला की 'टू'. म्हणजे वाजायचे आहेत. उतार पास्ट, चढ टू. याच्यापलीकडे यात काही नाही. लोकांनी उगाच बाऊ केलाय."

"आणि सव्वा, पावणे, साडे, ते?"

"ते तर तुला आईच्या पोटातून येतंय! सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट. पावणे म्हणजे क्वार्टर टू. साडे म्हणजे हाफ पास्ट. आपण पावणेसहा म्हणतो तेव्हा सहा वाजलेले असतात का?"

"नाही."

"तरी सहाचंच नाव घेतो ना? तसंच त्यांचं. जी गोष्ट तू रोज दहा वेळा म्हणतेस तिला घाबरलीस होय?"

"घाबरले नाही," ताई म्हणाल्या. "चुकले."

बाईला हे उत्तर आवडलं असावं. तिने काड्या फिरवल्या. "आता किती?"

"दीड. म्हणजे... हाफ पास्ट दीड."

"मग दोन वाजले की गं!" बाई एवढी हसली की तिला ठसका लागला. "दीडमध्ये साडे आधीच आहे. हाफ पास्ट वन. दीड आणि अडीच ही आपली लाडावलेली पोरं, त्यांना वेगळी नावं. इंग्रजीत त्यांचे लाड नाहीत."

मग रोज संध्याकाळी अर्धा तास. ताई अभ्रे घेऊन जायच्या. बाईला वेळ पाहायची असायचीच. ती विचारायची आणि उत्तर इंग्रजीत मिळालं तरच ते खरं मानायची. एकदा ताई म्हणाल्या, "बाई, साडेसात झाले, औषध घ्या." बाई ढिम्म हलली नाही. "हाफ पास्ट सेव्हन," म्हटल्यावर तिने हात पुढे केला.

दिवसा लाँड्रीतही तेच. वाफेत उभ्या राहून ताई ओठातल्या ओठात म्हणत राहायच्या. कॉलरला ट्वेंटी पास्ट नाइन, कफला ट्वेंटीफाइव्ह टू टेन. डागोबा म्हणायचा, "ताई, शर्टाशी बोलताय की काय?"

"शर्ट निदान पूर्ण ऐकून तरी घेतो," ताई म्हणायच्या.

नवऱ्यालाही सुटका नव्हती. एका दुपारी सुट्टीचे ते पडले होते, तर ताई घड्याळाकडे बघत एकदम म्हणाल्या, "टू टू टू!"

ते दचकून उठले. "काय झालं? कुणी हॉर्न मारला?"

"दोनाला दोन मिनिटं कमी आहेत," ताई म्हणाल्या. "इंग्रजीत असंच म्हणतात." ते बराच वेळ हसत होते. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बस डेपोत पोचली आणि तिथले चार ड्रायव्हर दोन वाजायची वाट बघायला लागले.

महिनाभराने ऑपरेटरबाईने ताटली बाजूला ठेवली. म्हणाली, "बघून सगळ्यांना येतं. फोनवर ना ताटली दिसते ना ओठ. जा, दाराआड उभी राहा." ताई बाहेर, बाई आत. आतून बाई आवाज काढायची. कधी चिडका म्हातारा, कधी पडसं झालेली बाई, कधी दात घासता घासता बोलणारा पाहुणा. यासाठी ती खरंच तोंडात ब्रश धरायची. ताई बाहेरून वेळ ओरडून सांगायच्या. जिन्यावरून जाणारे लोक थबकून बघायचे. एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "भांडण झालंय वाटतं दोघींचं, पण सभ्य आहेत, इंग्रजीत भांडतात."

"आणि ऐकलेलं परत म्हणायचं," ऑपरेटरबाईने एक दिवस बजावलं. "एक्स्चेंजमध्ये आम्ही प्रत्येक नंबर परत म्हणत असू. त्यात कमीपणा नाही. परत न म्हणण्यात कमीपणा आहे."

हे ताईंनी उचललं, आणि त्यावर स्वतःची एक घडी घातली. तेच शब्द परत म्हटले तर चूकही तशीच परत जाते, असं त्यांना वाटलं. म्हणून पाहुणा 'क्वार्टर टू फाइव्ह' म्हणाला की आपण 'फोर फॉर्टीफाइव्ह?' म्हणायचं. एकच वेळ, दुसऱ्या कपड्यात. नवऱ्याचे बसचे आकडे इथे कामाला आले. ऑपरेटरबाईने नाक मुरडलं. "आम्ही आहे तेच परत म्हणत असू." पण मना केलं नाही.

अडीच महिने संपायला आठवडा राहिला असताना हॉटेलात परदेशातून इंजिनियर लोकांचा एक गट उतरला. बारा-चौदा जण. संध्याकाळी त्यांची कुठल्या तरी मोठ्या पुलाच्या कामाची बैठक होती, आणि झाडून सगळ्यांचे कपडे प्रवासात चुरगळलेले. सकाळपासून फोन थांबत नव्हता. डागोबा 'येस सर, शुअर सर' करत चिठ्ठ्या लिहीत होता आणि खुंट्या भरत होत्या. साडेतीनच्या सुमारास तो एका पडद्यावरचा डाग बघायला वर गेला, आणि फोन वाजला.

मुलींनी ताईंकडे पाहिलं. फोन डागोबानेच घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. ताईंनी इस्त्री उभी केली, तीनदा वाजू दिला आणि उचलला.

"लाँड्री. गुड आफ्टरनून."

पलीकडे एक बाई होती, त्याच गटातली. खोलीचा नंबर, निळा सूट, सकाळीच खाली दिलेला. वेळ सांगायची राहून गेली होती. "हाफ फाइव्ह," ती म्हणाली.

ऑपरेटरबाईने हेही शिकवलं होतं. काही लोक मधला पास्ट गिळतात, हाफ फाइव्ह म्हणजे साडेपाच. ताईंनी सवयीने तीच वेळ दुसऱ्या कपड्यात परत केली. "फाइव्ह थर्टी, मॅडम?"

"नो, नो!" बाई वैतागली. "हाफ फाइव्ह!"

साडेपाच नाही, तर मग काय? दुसरी कुणी असती तर 'येस मॅडम' म्हणून मोकळी झाली असती. आपल्याला शिकवलेलं बरोबर आहे आणि ही पाहुणीही खोटं बोलत नाही, एवढं ताईंना दिसत होतं. शब्दांनी काम होत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांना समोर ती पालथी ताटली दिसली.

"मॅडम," त्या सावकाश म्हणाल्या, "स्मॉल हँड. व्हेअर?"

पलीकडे बाई हसली. "स्मॉल हँड! बिटवीन फोर अँड फाइव्ह."

छोटा काटा चार आणि पाचच्या मधे. "फोर थर्टी," ताई म्हणाल्या.

"येस! येस! फोर थर्टी. थँक यू!"

ताईंनी फोन ठेवला. या लोकांच्या भाषेत अर्धा पाच म्हणजे पाचाच्या वाटेवर अर्धं अंतर, साडेचार! लगेच त्या खुंट्यांकडे वळल्या. डागोबाच्या चिठ्ठ्या एकेक बघत गेल्या. त्याच मजल्यावरच्या तीन खोल्या, तोच गट, आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर डागोबाच्या तिरक्या अक्षरात: साडेपाच.

भिंतीवर चाराला वीस कमी होते.

डागोबा शीळ घालत आत आला. ताईंनी चिठ्ठ्या त्याच्यापुढे धरल्या. "हे तीन लोक काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांग."

"हाफ फाइव्ह. का?"

"त्यांचा हाफ फाइव्ह साडेचार असतो."

"असं कसं असेल? हाफ म्हणजे साडे, शाळेत शिकलोय मी!"

"शाळेत तू शिकलास. ते तुझ्या शाळेत नव्हते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीही फसले असते. विचारलं म्हणून कळलं. तू त्यांना एकेक फोन लाव. साडेचार की साडेपाच, आकड्यात विचार. मी तोवर सुरू करते."

डागोबाने फोन लावले. पहिल्या दोघांनी सांगितलं, फोर थर्टी. तिसऱ्याच्या खोलीत कुणी उचलेना, तेव्हा त्याचाही तोच हिशोब धरला. चार सूट, त्यातल्या एकाच्या बाहीवर शाईचा डाग अजून तसाच, आणि हातात पन्नास मिनिटांच्या आत. ताईंनी मुलींना चादरी सोडायला सांगितल्या. एक पँट्स घेणार, एक शर्ट. कोट ताईंचे. डागोबाने बाह्या सरसावल्या आणि शाईवर बसला. आता तो घाई करत नव्हता. एकेक थेंब टाकत, फडक्याने टिपत होता. लाँड्रीत फक्त वाफेचा फुसकारा आणि मधूनच ताईंचा आवाज, "टेन पास्ट... क्वार्टर पास्ट... सरका गं पुढे."

चार पंचविसाला चारही सूट हँगरवर होते. ताई आणि डागोबा दोन-दोन घेऊन मालवाहू लिफ्टने वर गेले. निळ्या सूटवाली बाई दारातच उभी होती, अंगात घरचा झगा, केस तयार. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि मनगटावरचं घड्याळ पुढे करून छोट्या काट्यावर बोट ठेवलं. दोघीही हसल्या. तिसरा पाहुणा, फोन न उचललेला, न्हाणीघरातून ओल्या डोक्याने बाहेर आला आणि डागोबाच्या हातातला सूट पाहून म्हणाला, "परफेक्ट."

ताईंनी ही गोष्ट वर कुणाला सांगितली नाही. सांगितली डागोबाने. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन मॅनेजरसाहेबांकडे गेला, सगळं जसं घडलं तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "साहेब, इंग्रजी माझं जास्त आहे. पण मला वाटतं की मला कळलंय, आणि मी पुढे जातो. त्या विचारतात. फोन त्यांना द्या." हे म्हणताना त्याचा चेहरा पडला होता, पण मान खाली नव्हती. ताईंना हे कळलं तेव्हा त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "शाईचा डाग मात्र दुसऱ्या कुणाच्या बापाच्यानेही निघाला नसता." आणि ते खरंही होतं.

साहेबांनी ताईंना बोलावून खुर्ची देऊ केली. ताईंनी हो म्हणण्याआधी दोन गोष्टी मागितल्या. फोन दाराजवळून काढून इस्त्रीच्या टेबलाशी लावायचा, कारण प्रमुख झाल्या तरी त्या खुर्चीत बसून राहणार नव्हत्या. दुसरं, नव्या चिठ्ठ्या छापायच्या. वर खोलीचा नंबर आणि खाली काटे नसलेलं गोल घड्याळ. फोन घेणाऱ्याने वेळ लिहायची नाही, काटे काढायचे.

"काटे काढण्यात वेळ जाईल," साहेब म्हणाले.

"तेवढा जाऊ दे. काटा काढायला बसलं की माणसाला विचार करावाच लागतो," ताई म्हणाल्या. चिठ्ठ्या छापून आल्या.

त्या रविवारी सकाळी त्या अभ्रे घेऊन ऑपरेटरबाईकडे गेल्या आणि सगळी हकिगत सांगितली. हाफ फाइव्हचा साडेचार ऐकून बाई आधी रागावलीच. तीस वर्षं एका शहराला वेळ सांगितलेल्या माणसाला हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. "चुकीचं आहे!" ती म्हणाली. "हाफ फाइव्ह म्हणजे साडेपाच. मी स्वतः सांगितलंय लोकांना." मग अभ्र्यावरून बोट फिरवत राहिली. आणि एकदम म्हणाली, "अडीच म्हणजे काय गं?"

"अडीच म्हणजे अडीच. दोन आणि अर्धा."

"तो झाला हिशोब. शब्दाचं मूळ विचारतेय मी. माझे वडील शिक्षक होते, ते सांगायचे, अडीच म्हणजे तिसरा अर्धा. दोन पुरे झाले, तिसरा अर्धा झाला. आम्ही औटकीचा पाढा म्हणायचो, साडेतीनाचा. औट म्हणजे चौथा अर्धा." तिने मान हलवली. "म्हणजे आपणही कधीकाळी तसंच मोजत होतो. तुझी ती पाहुणी काही वेडी नव्हती हो."

"मी कुठे म्हटलं वेडी?"

"मी म्हणाले मनात," बाईने कबूल केलं. मग खुर्चीत सरळ होऊन बसली. "घड्याळ झालं तुझं. आता काय? माझ्या उशा अजून आहेत."

ताईंनी त्याचा विचार करून ठेवला होता. पिशवीतून त्यांनी भिंतीवरचं एक कॅलेंडर काढलं आणि टेबलावर पसरलं. "आता वार आणि तारखा. काल एकजण म्हणाला, सूट 'नेक्स्ट फ्रायडे'ला हवा. मी विचारलं, कोणता, हा की पुढचा? तर तो म्हणाला, नेक्स्ट. परत विचारलं, तर त्यालाच कळेना."

"मग काय केलंस?"

"तारीख विचारली. पण मला आकडे वीसच्या पुढे तारखेसारखे म्हणता येत नाहीत. ट्वेंटीवन म्हटलं तर तो हसला."

"ट्वेंटीफर्स्ट," ऑपरेटरबाई म्हणाली आणि तिने दाराकडे बोट दाखवलं. "ऊठ. दाराआड जा."